तुझी संध्याकाळची गोळी

दिन्या, काल मी रमाकांतला मारलं. नीट मारलं. पहिली मुस्काटात, दुसरी पाठीत, आणि तिसरी पडणार तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं. तुझं तेरावं नुकतंच झालेलं, घरात अजून उदबत्तीचा वास, आणि तुझी पन्नाशी ओलांडलेली ताई, पालिकेच्या शाळेतली खेळाची बाई, लालबागच्या आपल्या खोलीत एका लंगड्या माणसाला बडवत होती. गॅलरीत अख्खा मजला जमला. तू असतास तर दारात उभा राहून शिट्ट्या मारल्या असत्यास. तू असतास तर मारायची वेळच आली नसती, हे मागाहून डोक्यात आलं आणि मग मी मोरीत जाऊन रडले.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणे. मला नाही जमणार. आपण एकमेकांशी चांगलं बोललोय कधी? माझ्या डाव्या भुवईवर जी खूण आहे ती तू फेकलेल्या कपडे धुवायच्या धोपटण्याची. तुझ्या वरच्या दातांत जी फट होती ती माझ्या कोपराची. बाबांची गिरणी बंद पडल्यावर त्या एका खोलीत चार माणसं दिवसभर एकमेकांच्या अंगावर असायची आणि राग काढायला हाताशी आपण दोघंच होतो. आई कधी मध्ये पडली नाही. "मरा थंयच दोघांय," म्हणायची आणि मासे साफ करत बसायची. रात्री ज्याला जास्त लागलं असेल त्याच्या ताटात बांगड्याचा मोठा तुकडा पडायचा. तू त्या तुकड्यासाठी उगाच जास्त विव्हळायचास, लबाडा.

कबड्डीत एक गोष्ट असते. तुला ती सांगायची गरज नाही, तरी सांगते, कारण तू ती जन्मात पाळली नाहीस. चढाईला आलेल्याच्या बोटाचं टोक आपल्या बनियनला लागलं, पंचाला दिसलं नाही, पण आपल्याला कळलं. अशा वेळी आपणहून हात वर करायचा आणि मैदानाबाहेर जाऊन बसायचं. आपल्या मंडळाच्या मास्तरांनी पहिल्या दिवशी पकड नाही शिकवली, हे शिकवलं. सगळी पोरं करायची. तू नाही. पुढे मी पंच झाले, शिट्टी माझ्या गळ्यात आली, तरी तू नाही. एकदा मी तुला बाद दिलं तर भर मैदानात माझ्या अंगावर धावून आलास, आणि गणपती येऊन गेले तरी माझ्याशी बोलला नाहीस.

आणि रमाकांत. नायगावच्या संघाचा. उंच, सडसडीत, चढाईला यायचा तेव्हा आपल्या बाजूच्या बायकासुद्धा गप्प होऊन बघायच्या. त्या सामन्याला बँकेची माणसं आली होती, खेळाडूंच्या कोट्यातून एकाला नोकरी द्यायची होती, आणि तो एक म्हणजे तू किंवा तो, हे परळपासून नायगावपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तू त्याला घोट्यात धरलंस. शिट्टी झाली. शिट्टी झाल्यावर त्याचा पाय तुझ्या हातात आणखी एकदा फिरला. मी तुझ्या पाठीमागे, गर्दीत होते. तुझे हात मला दिसले नाहीत, गुडघ्याचा आवाज मात्र ऐकू आला. नोकरी तुला लागली. तो पुढे हिंदमाताच्या एका साड्यांच्या दुकानात लागला, त्याच गुडघ्यावर दिवसभर उभा राहून बायकांना पदर उलगडून दाखवत. मी विचारलं की तू म्हणायचास, चुकून झालं, घाम होता, हात घसरला. नजर मात्र दुसरीकडे असायची.

तुला गाठ निघाली ती पोटात. तिचं नाव इतकं लांबलचक की तू तिला 'भवानी' म्हणायचास. सुरुवातीला सगळ्यांना देतात ती केमो दिली. भवानी ढिम्म हलली नाही, तुझं मात्र पार चिपाड झालं. एकदा तू सलाइनची सुई उपटून फेकलीस, पलंगापासून दरवाज्यापर्यंत रक्ताचे थेंब. घरी येऊन मोरीतल्या आरशावर मूठ मारलीस. आईनं काचा गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी नवा आरसा आणला, जरा वरती लावला, म्हणजे तुझा हात पोचायला नको.

मग परळच्या त्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई भेटल्या. माझ्या शाळेतल्या बाईंसारख्या, आवाज न चढवता धाक घालणाऱ्या. त्यांनी समजावलं ते मला अजून पाठ आहे. अशी गाठ इतक्या कमी लोकांना होते की तिच्यासाठी वेगळं औषध कोणी काढत बसत नाही. पण गाठीचा तुकडा तपासला, तर आत जो बिघाड निघाला तोच फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये असतो. त्या बिघाडावर नेम धरून केलेलं औषध बाजारात आहे, तिथं ते लागू पडतं. इथं पडतं का, ते बघायचं होतं. रोज दोन गोळ्या, एक सकाळी, एक संध्याकाळी. औषध फुकट, पण सांगितलं तसंच घ्यायचं, आणि काही वेगळं झालं तर सांगायचं, लपवायचं नाही. तू सही केलीस आणि जिना उतरताना मला म्हणालास, "म्हणजे दुसऱ्या मंडळाचा गडी उसना आणलाय. बघू, आपल्या मातीत खेळतो का."

खेळला रे. पहिल्या स्कॅनला भवानी निम्म्यावर आली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर आधीची आणि आत्ताची शेजारी लावून दाखवली, आणि तू तिथंच खुर्चीवरून उठून मांडी ठोकलीस. वॉर्डबॉय दचकला. घरी आईनं कोंबडी-वडे केले. तू सहा वडे खाल्लेस आणि सगळे ओकलास आणि परत दोन खाल्लेस. एकच तक्रार होती तुझी. गोळी घेतली की अंधारातून उजेडात येताना डोळ्यांच्या कडेला दिवे हलतात, संध्याकाळी जास्त. मी म्हटलं, फुकटची रोषणाई आहे, बघ. त्या दिवसांत मी देवापुढे हात जोडले, मी, जिनं बाबा गेल्यावर देवघराकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

आणि मग हॉस्पिटलच्या बाकावर तुला रमाकांत दिसला. त्यालाही तसलीच दुर्मिळ कसली तरी गाठ, मांडीत. तुझ्यापेक्षा वेगळी. त्याचाही तुकडा तपासायला गेला होता आणि त्याच्यात तो बिघाड नव्हता, म्हणून त्याला हे औषध नाही. तू घरी आलास आणि जेवायला बसल्याबरोबर ताट भिरकावलंस. आमटी भिंतीवर, भात बाबांच्या फोटोवर. मला देतात, त्याला का नाही, हेच चाललं होतं. मी परोपरीनं सांगितलं, अरे त्याच्या गाठीत हे औषध धरेल अशी जागाच नाही, नुसता त्रास होईल त्याला, बाईंनी समजावलंय ना. तू म्हणालास, परीक्षेत नापास झाला म्हणून माणसाला मरू द्यायचं का? तेव्हा माझं डोकं फिरलं. मी विचारलं, "तो तुझा कोण लागतो रे? त्याचा गुडघा मुद्दाम मोडलास, म्हणून का?"

तू पितळी तांब्या उचललास. माझ्या खांद्याला लागला, हाड वाचलं. चालती हो म्हणालास, मी झाले. तांब्या हे काही उत्तर नव्हे, दिन्या. मी आठवड्यानं परत आले तेव्हा तू मला चहा करून दिलास, त्यात साखर जास्त घातलीस, आणि तो विषय तिथंच मेला.

त्यानंतर तू संध्याकाळी बाहेर पडायला लागलास. पाय मोकळे करून येतो म्हणायचास. दिवे हलतात का विचारलं तर म्हणायचास, छे, थांबले. मला बरं वाटलं. मी मूर्ख, आईला सांगितलं, औषध अंगी लागलं बघ.

दुसऱ्या स्कॅनला भवानी परत वाढली होती, पहिल्यापेक्षा मोठी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाचा उपयोग थांबलेला दिसतो, कधी कधी असं होतं. गोळ्या चुकल्या का, असं त्यांनी तुला दोनदा विचारलं. तू दोनदा नाही म्हणालास. मी टेबलावर हात आपटला, त्यांचा चहा सगळ्या कागदांवर. माझ्या भावावर प्रयोग केलात म्हणून ओरडले, बाहेरचे पेशंट आत डोकावले. त्या उठल्या नाहीत. रुमालानं कागद पुसत म्हणाल्या की अशी गाठ असलेले लोक देशभरात मोजके सापडतात, त्यांतल्या एकेकाचं काय झालं यावर पुढच्याला हे औषध द्यायचं की नाही ते ठरतं, म्हणून हे त्यांनाही नको होतं. तू चपलांकडे बघत बसला होतास. मला वाटलं, खचलाय. तेव्हा हात वर करायला हवा होतास, साल्या. तिथं, त्या खुर्चीत. तेव्हाही वेळ होती की नव्हती, देव जाणे.

शेवटचे दिवस मी लिहिणार नाही. एवढंच, की दुखणं चढायचं तेव्हा तू ओरडायचा नाहीस, माझा हात चावायचास. त्या वणात तुझ्या दातांची फटसुद्धा उमटली होती. आता फिकट होत चाललाय. मला तो जायला नको आहे.

काल दुपारी रमाकांत जिना चढून आला. एकेक पायरी, कठड्याला धरून. मी ओळखलंच नाही, सगळा वाळून गेलाय. तुझ्या फोटोला हात जोडले, आईच्या पाया पडायला वाकायला गेला, वाकता येईना. मग पिशवीतून पेढ्यांचा एक जुना डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. उघडला. आत तुझ्या गोळ्या. मला त्या डोळे मिटूनही ओळखता येतील, हॉस्पिटलातून बाटल्या मीच आणायचे. डबा जवळजवळ भरलेला होता.

तो सांगत होता आणि मला अर्धंच ऐकू येत होतं. तू रोज संध्याकाळी हिंदमाताला त्याच्या दुकानाबाहेर जायचास. आपली संध्याकाळची गोळी त्याच्या हातावर ठेवायचास. पहिल्या दिवशी तो नको म्हणाला तर तू कॉलर धरून म्हणालास, घे, नाहीतर इथंच तोंडात कोंबीन. आणि दुसरं काही न बोलता निघून यायचास. एक सकाळची तुझी, एक संध्याकाळची त्याची. चाळीत आपण असंच वाढलो ना, एका ताटातलं दोघांत. अरे पण ते लाडू होते रे, गाढवा.

मी विचारलं, "मग तू घेतल्या का नाहीस?"

त्याला त्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ते औषध त्याच्या कामाचं नाही. हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू तुझ्या वाटची देतोयस, हेही आठवड्याभरात कळलं होतं.

"मग परत का नाही दिल्यास?"

तो माझ्याकडे नाही, तुझ्या फोटोकडे बघत म्हणाला, "बरं वाटायचं, ताई. त्याच्यातलं काहीतरी कमी होऊन माझ्याकडे येतंय, हे बघून बरं वाटायचं. मग गाठ वाढल्याचं कळलं, आणि तोंड दाखवायला जागा उरली नाही."

तेव्हा मी मारलं. त्यानं हात आडवासुद्धा घातला नाही. दाराच्या चौकटीवर आदळला आणि तसाच बसला, ओठ फुटलेला. आईनं माझं मनगट धरलं. "सोड गो तेका," म्हणाली, "आधीच अर्धो मेलेलो हा तो." मला तिचाही राग आला. मी म्हटलं, आई, ह्यानं दिन्याला मारलं. ती म्हणाली, नाही, दिनेशानंच दिनेशाक मारल्यान, आणि ती आत गेली. मग तिनं काय केलं माहीत आहे? पान वाढलं. रमाकांतला. आणि त्याच्या ताटात बांगड्याचा मोठा तुकडा पडला. तो फुटक्या ओठानं खात होता आणि रडत होता आणि आई त्याला म्हणत होती, काटे बघून खा.

रात्रभर तो डबा माझ्या उशाशी. तुझ्यावरचा राग, त्याच्यावरचा राग, सगळा फिरून फिरून एकाच ठिकाणी यायचा. डॉक्टरीणबाईंच्या कागदावर लिहिलंय, औषध हरलं. उद्या कुठल्यातरी गावातून तुझ्यासारखी भवानी पोटात घेऊन कोणी येईल, आणि त्याला सांगतील, हे दिलं होतं एकाला, नाही टिकलं. आणि ते खोटं आहे. उसना गडी हरला नव्हता, त्याला तू अर्ध्या डावात बाहेर बसवलंस. तुझं मरण फुकट गेलं तर एक वेळ मी सोसेन. ते दुसऱ्या कोणाच्या जिवावर उठलं तर नाही सोसणार.

आज सकाळी मी नायगावला जाऊन रमाकांतला उठवलं. चल म्हटलं. टॅक्सी मिळेना तर परळपर्यंत चालवला त्याला, दंडाला धरून, नुसत्या एका चहाच्या जोरावर. लोकांना वाटलं असेल नवरा-बायको. वाटेत मी त्याला शिव्या घातल्या त्या तुला इथं लिहून दाखवत नाही, बहुतेक तूच शिकवलेल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गर्दी होती. मी डबा टेबलावर उघडा ठेवला. डॉक्टरीणबाईंनी एक गोळी उचलली, उजेडात धरली, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. ह्या कोणाकडे होत्या, म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत रमाकांतनं हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा नाही, मैदानातल्यासारखा, सरळ, डोक्याच्या वर. पंचानं न पाहिलेला स्पर्श. ओठ सुजलेला, दुसऱ्या हातानं टेबलाची कड धरलेली, पण वरचा हात खाली आला नाही.

त्यांनी सगळं विचारून घेतलं, कधीपासून, रोज का, मधे खंड पडला का. लिहीत राहिल्या. शेवटी मी विचारलं, पूर्ण घेतल्या असत्या तर जगला असता का तो? मला हो हवं होतं, दिन्या. मग मला कोणाला तरी जन्मभर मारत राहता आलं असतं. त्या म्हणाल्या, "ते मी सांगू शकत नाही, कोणीच नाही सांगू शकणार. पण औषध हरलं असंही आता मी लिहू शकत नाही." आणि माझ्यासमोर आधीचं लिहिलेलं खोडलं, शेजारी सही केली. मी त्यांच्या सांडलेल्या चहाची माफी मागितली. त्या म्हणाल्या, बसा, चहा मागवते. आम्ही थांबलो नाही.

बाहेर आलो तर रमाकांतला चालवेना. बाकावर बसलो, तुम्ही दोघं भेटला होतात त्याच. तो म्हणाला, इतकी वर्षं एकच विचारायचं होतं. रोज संध्याकाळी ओठावर यायचं, पण हा गोळी हातावर ठेवायचा आणि पाठ फिरवायचा. "ताई, तुम्हाला काही बोलला का? मुद्दाम होतं का ते?"

हेच मी तुला विचारलं होतं. मला तू तांब्या फेकून मारलास. तुझे हात मला त्या दिवशी दिसले नव्हते. पण मी इतकी वर्षं पंच आहे, आणि ज्याचा हात खरंच घसरतो तो आपल्या वाटचं जगणं असं रोज संध्याकाळी नेऊन देत नाही. मी उठून उभी राहिले आणि हात वर केला. तुझ्या नावाचा. समोरच्या बाकावरची बाई बघायला लागली, एक सिस्टर थबकली. रमाकांतनं मान वर करून त्या हाताकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाला, चला, दुकान उघडायचंय.

तुला न विचारता केलंय. निर्णय चुकला असेल तर ये अंगावर धावून, मी लालबागलाच आहे, आईपाशी. धोपटणं मोरीत आहे त्याच जागी. माझी उजवी भुवई अजून शाबूत आहे.